मुठीचं माप

२४ फेब्रुवारी

पत्र आलं! लांबलचक पाकीट, आत तीन पानं, तिन्हींवर विमा कंपनीचा शिक्का. नऊ मार्चला सकाळी साडेदहाला तपासणीला हजर राहा. न आल्यास दर आठवड्याची भरपाई थांबेल. तपासणीत आडकाठी केल्यास भरपाई थांबेल. येताना जुने एक्स-रे आणावेत, न आणल्यास — तिथं पान संपलं. पुढच्या पानावर बघायचा धीर झाला नाही. चहा घेतला, मग बघितलं. न आणल्यास नवे काढतील, एवढंच!

हे उजव्या हातानं लिहितेय. व्यायामाच्या बाईंनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा, काय लिहिता ते मी वाचणार नाही, किती ओळी लिहिल्या तेवढं मोजणार. म्हणून ही वही. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असो, वाचणार कोण?

२५ फेब्रुवारी

चार ओळींत अंगठा बोंबलला. बास.

२७ फेब्रुवारी

पत्र पुन्हा वाचलं, ह्या वेळी चष्मा लावून. धमक्या पहिल्या पानावर, हक्क तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. बसचं भाडं मिळणार. स्वतःचा डॉक्टर सोबत नेता येणार. अहवालाची प्रत घरी येणार. निकाल पटला नाही तर दहा दिवसांत हरकत घेता येणार. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, एवढे हक्क मला लग्नात नव्हते मिळाले.

मधल्या पानावर खरी गोम. नऊ महिन्यांनंतरची ही तपासणी शेवटची. यंत्रावर मूठ आवळून दाखवायची. पंचवीस किलोच्या वर गेली तर 'पूर्वीच्या कामास योग्य'. खाली राहिली तर 'फक्त हलक्या कामास योग्य' आणि भरपाई पुढे चालू. पण मग आपलं जुनं काम सुटलं ते सुटलं.

मला भरपाई नको. मला माझं टेबल पाहिजे.

२८ फेब्रुवारी

एवढं लिहिलंच आहे तर आठ जूनचंही लिहून टाकते.

सव्वीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतेय. दुकानांचे काटे, सोनारांचे तराजू, दवाखान्यातली माणसं तोलायची यंत्रं — किलो-ग्रॅम दाखवणारं काहीही बिघडलं की आमच्या कारखान्यात माझ्या टेबलावर येतं. उघडायचं, पुसायचं, शून्यावर आणायचं, खात्रीची वजनं लावून बघायचं आणि मग तळाला चिठ्ठी चिकटवायची. 'तपासले', तारीख, सही. सही माझी. वडील हेच काम करायचे. ते म्हणायचे, काटा खोटं बोलला तर शिव्या दुकानदाराला बसतात, पण पाप आपलं.

त्या दिवशी साडेअकराला वीस किलोचं बिडाचं वजन उचललं, वरची कडी निसटली, वजन उजव्या मनगटावर. हाडांचा भुगा. आता आत एक पट्टी आणि सात स्क्रू आहेत. म्हणजे मीसुद्धा दुरुस्त केलेला नग!

टेबलावर सात-आठ वस्तू राहिल्या होत्या, काही उघडलेल्या, काही डब्यातच. त्या वहिनींनी आवरल्या. वहिनी म्हणजे मालकांची बायको, पॅकिंग त्यांच्याकडे. फार टापटिपीच्या. दवाखान्यात भेटायला आल्या तेव्हा म्हणाल्या, काही काळजी करू नकोस, टेबल लख्ख केलंय आणि ज्याचा त्याचा माल पोचता केलाय. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

आज बावीस ओळी! बाई खूश होतील.

२ मार्च

दादा येऊन गेले. दादा म्हणजे मालक. सफरचंदं आणली, त्यातली दोन स्वतःच खाल्ली. मग इकडचं तिकडचं करून मुद्द्यावर आले. एक एप्रिलपासून काट्यांवरच्या वर्षाच्या सरकारी शिक्क्यांचं काम सुरू होतं, शहरातले निम्मे काटे आमच्या दारात. तोवर टेबल रिकामं ठेवतो, म्हणाले. पुढे नाही जमायचं. भाचा तयार आहे त्यांचा, तो सगळं कॉम्प्युटरवर जुळवतो. मला म्हणे काउंटरवर बसवतील. पावत्या फाडायला! हातात कला असलेल्या बाईनं पावत्या फाडायच्या.

मी म्हटलं, एक एप्रिलला मी टेबलावर असेन, भाच्याला सांगा खुर्ची बाहेरून आण.

जाताना त्यांनी जुनी खोडी काढलीच. सकाळी चहा घेता घेता दहा-बारा चिठ्ठ्यांवर तारीख घालून सह्या करून ठेवायची माझी सवय. दिवसभर मग नुसत्या चिकटवायच्या, तेलाचे हात पुसत बसायला नको. त्यावरून आमचं सव्वीस वर्षांचं भांडण. ते म्हणतात, आधी कळस मग पाया. मी म्हणते, तपासणार मीच आहे ना? पळून चाललेय का? आज म्हणाले, आता तरी सुटली ना ती खोड? सुटेल नाहीतर काय करेल. एका सहीला पाच मिनिटं लागतात आता.

५ मार्च

रबरी चेंडू दाबतेय. उठता-बसता. ह्यांच्याशी बोलताना तर जास्तच जोरात.

ह्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेऊन नऊ महिने झाले. हे चाळीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे मीठसुद्धा डोळ्यासमोर चमचा धरून मोजतात. तरी भात करपतोच. मी काही बोलत नाही. एकदा बोलले होते, तर दोन दिवस ब्रेड खाल्ला.

९ मार्च

झाली तपासणी! सविस्तर लिहिते, हात मेला तरी चालेल.

दुसरा मजला, पांढऱ्या भिंती, दहा खुर्च्या. खुर्च्यांवर सगळे आमच्यासारखेच — कुणाचा पाय, कुणाची पाठ, कुणाचा खांदा. जो तो दुसऱ्याकडे असा बघत होता की ह्याचं खरं का नाटक. मीही बघत होते. शेजारी एक तिशीतली बाई. लाँड्रीत कामाला, हॉटेलांच्या चादरी इस्त्रीच्या गरम रुळातून काढते. रुळात हात गेला. वर कातडी छान भरून आलीय, पण बोटं मिटत नाहीत. पाण्याची बाटली उघडेना तिला, मी डाव्या हातानं उघडून दिली. दोघींत मिळून दीड हात, म्हटलं, तरी झालं की नाही काम! हसली. कागदाच्या कपातला चहा तिनं दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. घरी ती आणि अंथरुणाला खिळलेले वडील, बस. मला मावशी म्हणाली. मी नंबर दिला, तिचा घेतला.

आधी ती आत गेली. बाहेर आली ती गोंधळलेली. म्हणाली, मावशी, सव्वीस भरले म्हणे माझे, मला तर साधी बादली उचलत नाही. मी म्हटलं, अगं मन घाबरतं, हाताला आपली ताकद ठाऊक असते. केवढी शहाणी मी!

मग मी. डॉक्टर पन्नाशीचे, कपाळावर दुसरा चष्मा, कामापुरतं बोलणारे. मनगट वळवलं, टोचलं, एक्स-रे उजेडाला धरले. मग यंत्र काढलं. लोखंडी मूठ, वर गोल तबकडी. तबकडी दहापासून सुरू, दहाच्या खाली आकडेच नाहीत. खालचे आकडे ह्या कामात लागत नाहीत, म्हणाले. हात लावला आणि काटा टुणकन वर आला. मी अजून दाबलं नव्हतं. नुसता हात लावला होता.

दाबलं. पंचवीस, सत्तावीस, सत्तावीस. डावा हातही बघितला. छत्तीस! डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले, ह्या वयात!

१० मार्च

हात सुजलाय. कालच्या ओळींचा पराक्रम. पण सत्तावीस!

१६ मार्च

अहवाल आला. 'पूर्वीच्या कामास योग्य.' एकतीस मार्चपासून भरपाई बंद, एक एप्रिलला कामावर. दादांना फोन केला. ते म्हणाले, तुझा पान्हा मी जागचा हलवलेला नाही. वहिनी मागून ओरडल्या, तिला सांगा टेबलावर नवीन कापड घातलंय. ह्यांनी साखर नसलेला चहा केला. आनंदात विसरले. मी तसाच प्यायला.

१७ मार्च

एक बारीकसं झालं. लिहू का नको?

कॉफीच्या बरणीचं झाकण निघालं नाही. हे लगेच धावले. मी म्हटलं, थांबा, सत्तावीस किलोची मूठ आहे माझी. तीनदा लावली. नाहीच निघालं. ह्यांनी एका हातानं काढलं आणि शहाण्या माणसासारखे बाहेर निघून गेले.

दुपारी हे बाहेर असताना मोरीत गेले. बादली घेतली, वडिलांचा जुना स्प्रिंगकाटा घेतला. थोडं पाणी भरायचं, काट्याला अडकवून वजन बघायचं, मग उजव्या हातानं बादली उचलून मनात वीस मोजायचे. दहा किलो — झाले. पंधरा — झाले, घाम आला. अठरा — कसेबसे. वीसला बोटं आपोआप उघडली आणि मोरीचा तलाव.

आता हे काही तेच माप नव्हे. उचलणं वेगळं, आवळणं वेगळं. यंत्रही वेगळं. आणि त्या दिवशी थकलेही असेन. नाही, त्या दिवशी नाही, आज थकलेय.

असं सगळं मोरीत उभं राहून स्वतःला समजावलं. लादी पुसली. गप्प बसले.

१८ मार्च

लाँड्रीवालीचा फोन. तिलाही 'योग्य' आलंय. तिची तारीख आमच्या आधीची, कालपासून रुळावर उभी आहे. ओली चादर धरता येत नाही, दोनदा सुटली. मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, कागदावर सव्वीस आहे आणि इथं नाटक करतेस होय? माझ्याजवळ तक्रार नव्हती तिची. विचारत होती की मावशी, तुम्ही म्हणालात मन घाबरतं, ती भीती घालवायला काय करू?

काय उत्तर दिलं आठवत नाही. काहीतरी गोड बोलले असेन.

१९ मार्च

छत्तीस. डाव्या हाताचे छत्तीस!

डाव्या हातानं मी जन्मात जड काही उचललं नाही. त्याचं काम स्क्रू धरायचं, भिंग धरायचं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्याचं असलंच यंत्र आलं होतं दुरुस्तीला, तेव्हा गंमत म्हणून सगळ्यांनी दाबून बघितलं. माझा डावा अठ्ठावीस. अठ्ठावीसचे छत्तीस कसे होतील? अपघात उजव्याला झालाय, व्यायाम डाव्याला थोडाच चाललाय!

आणि हात लावताच टुणकन उडी मारणारा काटा. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगतेय, काटा असा उडाला की समजा शून्य ढळलंय. तबकडी दहापासून सुरू, म्हणजे शून्य कुणाला दिसतच नाही. आठ किलो जादा दाखवतंय ते. मला तिथंच, त्या खुर्चीतच, कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं. मला सत्तावीस हवे होते म्हणून मी डोळे मिटले.

आता बोलले तर सत्तावीस वजा आठ. एकोणीस. टेबल भाच्याला.

नाही बोलले तर ती पोर रुळासमोर.

ह्या वयात माणसाला असली गणितं घालू नयेत.

२० मार्च

ह्यांना सांगितलं. हे भाजी चिरत होते, चिरतच राहिले. बोलतील काहीतरी म्हणून वाट बघितली. शेवटी मीच चिडले, म्हटलं, सांगा ना काय करू!

"मी काय सांगू? तू ठरवलंयस. कालपासून तू चेंडू दाबत नाहीयेस."

खरंच की. चेंडू खाटेखाली गेलाय, शोधलाही नाही.

मग रडले थोडी. टेबलासाठी रडले, सरळ सांगते. नवीन कापड घातलंय म्हणे त्यावर. मग तोंड धुतलं आणि हरकतीचा अर्ज लिहायला बसले. दहा दिवस आहेत, त्यातले चार मोरीत आणि रडण्यात गेले.

२१ मार्च

अर्ज टाकला. विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला दुपारीच. गोड आवाज, पण गोंधळलेला. म्हणाल्या, निकाल तर तुमच्या मनासारखा आहे ना? मी म्हटलं, हो. मग हरकत कशाला? मी म्हटलं, फार चांगला आहे म्हणून. पलीकडे कागदांची सळसळ. मग म्हणाल्या, ह्यासाठी आमच्याकडे रकाना नाहीये.

शेवटी 'इतर'मध्ये घातलं. फेरतपासणी सव्वीसला.

२३ मार्च

स्वतःचा डॉक्टर नेता येतो ना? मग नेणारच! आमचे घरचे डॉक्टर, वय सत्त्याहत्तर, दवाखाना आता फक्त सकाळी, तोही गप्पांसाठी. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. सांगितलं तर उडालेच. पन्नास वर्षांत मला कुणी असं कुठं नेलं नाही, म्हणाले. त्यांची ती फुगीर चामडी बॅग आहे ना, तीत औषधांऐवजी दहा किलोचं वजन ठेवायचं ठरलं. दुसरं दहाचं ह्यांच्या पिशवीत. दादांकडून आणली दोन्ही. दादांना कारण सांगितलं. त्यांनी वजनं स्वतः पुसून दिली.

२६ मार्च

तर झालं असं.

बॅगेचं ओझं इतकं की डॉक्टरकाका जिन्यात तीनदा थांबले. दर वेळी म्हणत होते, मी थकलो नाहीये, विचार करतोय. वर पोचलो. तपासणीचे डॉक्टर आमची वरात बघून उठूनच उभे राहिले. मी, नवरा, म्हातारा डॉक्टर आणि दोन वजनं.

मी म्हटलं, माझा हात नका तपासू, यंत्र तपासू या. त्यांच्या कपाळाला आठ्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं तोंडातल्या तोंडात म्हणाले. मी म्हटलं, नाही हो डॉक्टर, मी नाचले तर छानच, त्याचीच तक्रार आहे. ह्यांना हसू आवरेना, खोकल्याचं सोंग केलं.

"बाई, हे यंत्र बाहेरून रीतसर तपासून आणलेलं आहे. दहा महिनेसुद्धा झाले नाहीत. खाली चिठ्ठी आहे."

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलात, सव्वीस वर्षं मीही चिठ्ठ्या चिकटवतेय. ज्या गाढवानं ही चिकटवली त्याला माझ्यापुढे उभा करा. न तपासता शिक्का मारणारी जात मी चांगली ओळखते!"

असं ठणकावून बोलले. डॉक्टरकाकांनी टेबलावर थाप मारून पाठिंबा दिला.

मग यंत्र टेबलाच्या कडेला घट्ट बांधलं, मुठीला पट्टा घातला, पट्ट्याला दहाचं वजन सोडलं. काटा दहावर यायला हवा. अठरावर आला. दुसरं दहा सोडलं. अठ्ठावीस.

तपासणीच्या डॉक्टरांनी स्वतः पट्टा सोडला, स्वतः पुन्हा लावला. अठ्ठावीस. दोन्ही चष्मे काढून ठेवले. मला वाटलं आता रागावणार. पण त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि पानं उलटायला लागले. बराच वेळ उलटत होते. मग हळूच म्हणाले, त्रेचाळीस जण आहेत ह्या यंत्रावर. आणि सगळ्यांसमोर यंत्र डब्यात घालून डबा लाखेनं बंद केला, म्हणजे आता कुणी हात लावायला नको.

माझ्याकडे वळून म्हणाले, तुमचे एकोणीस होतात हं. मला ठाऊक आहे, म्हटलं. तर विचारलं त्यांनी, मग आलात कशाला? मी लाँड्रीवालीचं सांगितलं. त्यांना ती आठवत होती. चहा दोन तळव्यांत धरून पीत होती ना, म्हणाले. म्हणजे त्यांनीही बघितलं होतं. बघून आकड्यावर विश्वास ठेवला. मी तेच केलं, फक्त माझ्या फायद्यासाठी.

जाताना ते आमच्या डॉक्टरकाकांच्या पाया पडले. काका कधीतरी त्यांच्या कॉलेजात शिकवायला होते म्हणे! काकांना काही आठवलं नाही, पण आशीर्वाद भरपूर दिला.

२७ मार्च

हात बरा आहे. मन — हलकं, पण रिकामं. चेंडू सापडला.

४ एप्रिल

नव्या यंत्रावर पुन्हा तपासणी झाली होती परवा, आज कागद आले. माझे एकोणीस. 'फक्त हलक्या कामास योग्य.' असणारच.

लाँड्रीवालीचे अठरा! रुळावरून सुट्टी, भरपाई पुन्हा सुरू, बुडालेले आठवडेही मिळणार. फोनवर आधी रडली, मग म्हणाली, मुकादमानं सगळ्यांदेखत माफी मागितली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना पत्रं गेलीत. कुणी परत कामावर जाऊन दुखणं वाढवून बसलंय, कुणी कामच सोडलंय. ते ऐकून अंगावर काटा आला. काय पण माणसं असतात, एका चिठ्ठीपायी!

मी आजपासून काउंटरवर. पावत्या फाडल्या, चौदा. भाचा माझ्या टेबलावर. मुलगा वाईट नाही, दर अर्ध्या तासानं काहीतरी विचारायला येतो आणि मी दर वेळी जरा जास्तच सांगते. दुपारी त्याच्या हातातली चिठ्ठी घेऊन विचारलं, तपासलंस? तो म्हणाला, तपासणारच आहे. मी म्हटलं, आधी तपास! दादा आतून मोठ्यानं हसले. का हसले ते मला कळलं, म्हणून मीही हसले.

खरं सांगू? दिवस चांगला गेला.

९ एप्रिल

विमा कंपनीनं ते यंत्र दुरुस्तीला पाठवलं. शहरात असले कारखाने डझनभर, पण नोंद बघून जुन्याच ठिकाणी पाठवलं म्हणे. दादांनी डबा काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. लाख फोडली. चष्मा लावला. यंत्र उलटं केलं.

'तपासले.' आठ जून. खाली ते मोठं वेटोळं आणि दोन टिंबं. सकाळच्या चहाबरोबर केलेली, माझी सही.

वहिनींची काही चूक नाही. सही होती, त्यांनी चिकटवली, माल पोचता केला.

डॉक्टरांना पत्र लिहिलं. गाढव सापडलं म्हणून कळवलं, नावासकट. त्रेचाळीस जणांचे पत्तेही मागितले. उजव्या हातानं लिहिलं, दीड तास लागला. दोनदा वाचलं. मग सही केली.